घरी परतलेले दोन पुत्र : ‘गार्डन स्टेट’ आणि ‘एलिझाबेथटाउन’

अमेरिकेत लागोपाठच्या दोन वर्षांत पडद्यावर आलेले दोन चित्रपट एकमेकांशी इतके मिळतेजुळते असावेत की एकाचे कथानक सांगू जाता दुसऱ्यातला प्रसंग जिभेवर यावा, हा योग काहीसा विलक्षणच म्हटला पाहिजे. झॅक ब्राफ या तरुण नटाने स्वतः लिहिलेला, स्वतः दिग्दर्शित केलेला आणि नायकाची भूमिकाही स्वतःकडेच ठेवून काढलेला ‘गार्डन स्टेट’ २००४ साली आला. ‘ऑलमोस्ट फेमस’च्या पटकथेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळवलेल्या कॅमेरॉन क्रो यांचा ‘एलिझाबेथटाउन’ २००५ साली. दोहोंतही एक तरुण दूरच्या शहरात राहून आतून वठून गेलेला आहे. एकाला आईच्या, तर दुसऱ्याला वडिलांच्या मृत्यूची वार्ता टेलिफोनवरून कळते. दोघेही ती कोरड्या डोळ्यांनी ऐकतात आणि विमानाने अंत्यविधीला निघतात. दोघांनाही एक बडबडी, हसरी, थोडी विक्षिप्त मुलगी भेटते आणि तिच्या सहवासात त्यांच्या मनाला पुन्हा पालवी फुटते.

कोणी कोणाचे उचलले हा प्रश्न येथे संभवत नाही. क्रो यांचे वडील केंटकी राज्याकडचे. ते १९८९ साली वारले, आणि त्या दुःखाची छाया या कथेवर उघड दिसते. ब्राफ न्यू जर्सीतच लहानाचे मोठे झाले, आणि ‘गार्डन स्टेट’ हे त्या राज्याचेच लौकिक टोपणनाव आहे. म्हणजे दोघांनीही आपापल्या आडातले पाणी काढले आहे. पोहऱ्याचा आकार तेवढा सारखा निघाला.

समीक्षकांनी मात्र या दोन चित्रपटांची गाठ निराळ्याच दोरीने मारून ठेवली आहे. २००७ साली नेथन रॅबिन यांनी ‘एलिझाबेथटाउन’वर लिहिताना त्यातल्या नायिकेला ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ असे नाव दिले आणि त्याच जातीचा दुसरा नमुना म्हणून ‘गार्डन स्टेट’च्या नायिकेकडे बोट दाखवले. खिन्न तरुणाला जगण्याची गोडी लावण्यापलीकडे जिला स्वतःचे असे काही आयुष्यच नाही, अशी परीसारखी, झपाटलेली स्वप्नकन्या, असा त्याचा आशय. हा शब्द पुढे इतका बोकाळला, आणि इतक्या निरपराध नायिकांवर फेकला गेला, की २०१४ साली रॅबिन यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. शब्दात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याने दोन चित्रपटांना एकाच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले, आणि त्यांच्यातला खरा भेद पाहण्याची कोणाला गरज उरली नाही. मुलीने नायकासाठी काय केले हे सर्वांनी विचारले. घरी परतलेल्या या पुत्राने मेलेल्या माणसासाठी काय केले, हे विचारून पाहिले तर हे दोन चित्रपट जुळे राहत नाहीत.

‘गार्डन स्टेट’चा नायक अँड्र्यू लार्जमन लॉस एंजेलिसमध्ये किरकोळ नटाची कामे करतो आणि पोटासाठी एका व्हिएतनामी उपाहारगृहात वाढप्याचे काम करतो. तो नऊ वर्षांत घरी गेलेला नाही. त्याची आई अपंग होती, चाकांच्या खुर्चीत बसून असे. ती स्नानाच्या टबात बुडून मेली. ती अपंग का झाली हे पुढे उलगडते. अँड्र्यू नऊ वर्षांचा असताना रागाच्या भरात त्याने आईला ढकलले. भांडी धुण्याच्या यंत्राची कडी मोडलेली असल्याने त्याचे झाकण खाली आले होते, त्यावर ती पडली आणि तिच्या मानेला इजा झाली. वडील मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी स्वतःच मुलाला औषधे सुरू केली, आणि सव्वीस वर्षांचा हा तरुण तेव्हापासून त्या गोळ्यांच्या धुक्यात वावरत आला आहे. घरी येताना तो त्या गोळ्या प्रथमच मागे ठेवून येतो.

एवढे वाचून कोणाही नाट्यरसिकाच्या लक्षात येईल की येथे एक अव्वल दर्जाचे नाटक दडलेले आहे. मुलाच्या हातून अपघात, पित्याच्या हातून शिक्षेसारखी चिकित्सा, आणि त्या दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेली आई! वैद्य आणि पिता ही दोन नाती एकाच माणसात एकवटली की घरात कोणती शोकांतिका घडू शकते, याचा इतका नेमका मुद्दा सहसा हाती लागत नाही. आणि पित्याच्या भूमिकेला इयन होमसारखा समर्थ नट! पण ब्राफ यांनी या नटाला जवळजवळ चित्रपटभर दाराबाहेर उभे करून ठेवले आहे. बापलेकांचा खरा सामना अखेरीस, एकाच प्रसंगात उरकला जातो. मुलगा बोलतो, क्षमा करतो, यापुढे औषधांवाचून जगून पाहीन म्हणतो, आणि बापाच्या वाट्याला ऐकणे तेवढे येते. ज्याने सारे आयुष्य दुसऱ्यांचे ऐकण्यात घालवले त्याला बोलते करण्याची संधी लेखकाने दवडली.

मधला काळ कसा भरला आहे? मित्रांच्या मेजवान्या, अमली पदार्थ, मध्ययुगीन योद्ध्याचे चिलखत घालून स्वयंपाकघरात न्याहारीला बसलेला इसम, आवाज न करणारे व्हेल्क्रो शोधून काढून गडगंज झालेला आणि आता रिकाम्या हवेलीत कंटाळत पडलेला सोबती. हा शेवटचा तुकडा मात्र चांगला जमला आहे. गावात मागे राहिलेल्याला पैसा मिळाला, गाव सोडून गेलेल्याला थोडी कीर्ती मिळाली, आणि दोघांपाशीही बसायला खुर्ची नाही! ब्राफ यांचा डोळा चित्रकाराचा आहे. आत्याबाई वा मावशीबाईंनी भिंतीच्या कापडातून उरलेल्या तुकड्याचा सदरा शिवून दिला आणि तो घालून नायक त्याच भिंतीपुढे उभा राहिला, तर माणूस कोणता व भिंत कोणती हे कळेनासे होते. घरात आपण सामानासारखे झालो आहोत हे पानभर संवादांनी जे सांगता आले नसते ते या एका चित्राने सांगितले.

या मित्रमंडळीत मार्क नावाचा एक आहे. तो कबरी खणतो. आईबापांपैकी एकाच्या मृत्यूनंतर घरी परतलेला, मनाने निश्चेष्ट झालेला पुत्र आणि त्याच्याशी थट्टेने बोलणारा कबर खणणारा, ही जोडी पाहिली की आगरकरांचे ‘विकारविलसित’ वाचलेल्याला हॅम्लेट आठवल्यावाचून राहणार नाही. तिथला खणणारा कवट्या वर काढतो. हा मार्क प्रेतांचे दागिने काढून विकतो. पीटर सार्सगार्ड या नटाने हे काम असे काही केले आहे की त्या चोराचा रागही येत नाही आणि त्याला माफही करवत नाही. मार्क एके दिवशी नायकाला व त्याच्या प्रेयसीला घेऊन दिवसभर हिंडवतो, एका प्रचंड खाणीच्या काठावर जुन्या नावेत संसार थाटलेल्या कुटुंबापाशी नेतो, आणि तेथून परत मिळवलेले आईचे आवडते लटकन नायकाच्या हाती ठेवतो. ते तेथवर कसे पोचले असेल हे प्रेक्षकाला निराळे सांगावे लागत नाही. माझ्या मते हा या चित्रपटाचा मर्मबिंदू आहे. आईची म्हणून एवढी एकच वस्तू सबंध कथेत येते, आणि ती येते चोराच्या हातून. खाणीच्या पोटात तोंड करून पावसात तिघे जे ओरडतात, त्या बहुचर्चित प्रसंगापेक्षा मला हा मुका प्रसंग कितीतरी मोलाचा वाटतो.

पण लटकन हाती आल्यावर काय? आईविषयी कोणी काही बोलत नाही. तिचे नाव, तिचा स्वभाव, अपंग होण्यापूर्वी ती काय गात असे, कशाने हसत असे, यातले काही आपल्याला कळत नाही. तिचे दफन चित्रपटाच्या आरंभीच आटोपते आणि पुढे ती केवळ नायकाच्या अपराधाचे कारण म्हणून उरते. आई जशा टबात बुडाली तशाच एका टबात बसून नायकाच्या डोळ्यांतून अखेर एक अश्रू येतो, तेव्हा प्रेयसी तो कागदी पेल्यात झेलून ठेवते. अश्रू आईसाठी होता. संग्रह मात्र प्रेमाच्या खात्यावर झाला.

आता ‘एलिझाबेथटाउन’ घ्या. बांधणीच्या दृष्टीने हा चित्रपट फार ढिसाळ आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. महोत्सवात दाखवल्यावर त्याला कात्री लावून तो आटोपशीर करण्यात आला, तरीही तो लांबलेलाच वाटतो. नायक ड्र्यू बेलर ऑरेगनमधल्या एका पादत्राणांच्या कंपनीत बूट घडवतो. त्याच्या एका बुटापायी कंपनीला ९७ कोटी २० लाख डॉलरांचा खड्डा पडतो. तो व्यायामाच्या सायकलीला सुरा बांधून आत्महत्येची तयारी करतो आणि नेमक्या त्या क्षणी बहिणीचा फोन येतो. हे सारे प्रहसनाच्या अंगाने गेले आहे. ऑर्लंडो ब्लूम यांच्या चेहऱ्यावर हे दुःख कोठेच रुतत नाही. तिकडे आई, म्हणजे सुझन सरँडन, नवरा गेल्याबरोबर स्वयंपाक, मोटारदुरुस्ती आणि टॅप नृत्य शिकू लागते, आणि स्मरणसभेत ग्राम्य विनोद सांगून नाचून दाखवते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे रुचणे कठीण. तेथल्याही पुष्कळांना ते रुचले नाही.

असे असूनही, एलिझाबेथटाउन या केंटकीतल्या खऱ्याखुऱ्या गावात नायकाची गाडी शिरते तेव्हा चित्रपटाचा सूर पालटतो. रस्त्याच्या कडेची माणसे त्याला पाहून हात हलवतात, पुढची वाट दाखवतात. त्याला कोणी ओळखत नाही, पण तो मिचचा मुलगा आहे एवढे सर्वांना ठाऊक आहे. कुलदेवतेच्या जत्रेला पुण्यामुंबईहून वा बडोद्याहून कित्येक वर्षांनी येऊन देवळाच्या पायरीवर ‘तू कोणाचा रे?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या दृश्याचा अर्थ समजावून द्यायला नको. घरात पाहावे तो चुलते, आत्या, चुलत भाऊ, टेबलावर ताटेच्या ताटे, पोरांचा धुडगूस. आणि या आप्तांच्या मनात एक जुनी अढी आहे: मिचला त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियाला पळवले. वास्तविक कॅलिफोर्नियात ते अल्पकाळच राहिले. संसार ऑरेगनमध्ये झाला. ड्र्यू हे पुनःपुन्हा सांगतो आणि पुनःपुन्हा कोणी ऐकत नाही. गावाने एकदा ठरवलेला भूगोल बदलत नसतो. हा विनोद क्रो यांनी हलक्या हाताने चित्रपटभर फिरवला आहे आणि तो दर वेळी लागू पडतो.

या अढीतूनच खरा संघर्ष उभा राहतो. मिचचे शव निळ्या पोशाखात ठेवले आहे. भाऊबंदांना ते कुळाच्या भूमीत पुरायचे आहे. बायकोला दहन हवे आहे. मधे सापडला आहे मुलगा. आपल्याकडे दहनाची रीत सांगावी लागत नाही, म्हणून हा वाद प्रथम चमत्कारिक वाटेल. तेथे पुरणे ही घराण्याची चाल आणि दहन हा परक्या ठिकाणाहून आलेला पायंडा. पण वादाचे मूळ ओळखीचे आहे: मेलेला माणूस कोणाचा? ज्या मातीत जन्मला तिचा, की ज्या बाईशी संसार केला तिचा? लार्जमनच्या घरात असा वादच होऊ शकत नाही, कारण तेथे त्या बाईवर हक्क सांगायला कोणी नाही. येथे डझनभर माणसे हक्क सांगतात, आणि तो हक्क प्रेमाचा आहे.

ड्र्यू आईचे म्हणणे मान्य करून दहनाची व्यवस्था करतो. मग एकाएकी त्याचे मन फिरते आणि तो धावत सुटतो. पण उशीर झालेला असतो, आणि त्याच्या हातात रक्षेचा कलश ठेवला जातो. दोन्ही चित्रपट मिळून जर एखादा क्षण खऱ्या अर्थाने नाट्यपूर्ण असेल तर तो हा. येथे क्षमा मागून भागत नाही, ओरडून भागत नाही, प्रेमात पडून भागत नाही. झाले ते झाले. एवढ्या पसरट चित्रपटात हा एक निर्णय असा आहे की जो परत फिरवता येत नाही, आणि त्या कलशाच्या वजनानेच पुढचा भाग तरला आहे.

पुढे ड्र्यू मोटारीने एकटाच निघतो आणि वडिलांची रक्षा वाटेत ठिकठिकाणी सोडत जातो. मेंफिसला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती लॉरेन मोटेल, मिसिसिपी नदी, ओक्लाहोमा शहरात १९९५ च्या स्फोटातून वाचलेले एल्मचे झाड. अस्थी गोकर्णाला, नाशिकला वा प्रयागला नेणाऱ्या आपल्या समाजाला या प्रवासात तीर्थांचा क्रम दिसेल, आणि तो दिसणे गैर नाही. मात्र तेथे विधी सांगणारे कोणी नाही, म्हणून मुलाला तो स्वतः शोधावा लागतो. शेजारच्या आसनावर कलश ठेवून तो बापाशी बोलतो. कसलेल्या नटाने या वीस मिनिटांचे सोने केले असते. ब्लूम यांच्या हातूनही ती अगदीच वाया गेली नाहीत.

राहिल्या त्या दोन नायिका. येथे पारडे फिरते, आणि रॅबिन यांच्या शब्दाने जे झाकले ते येथेच आहे. ‘गार्डन स्टेट’मधली सॅम (नॅटली पोर्टमन) खोटे बोलते, उगाच बडबडते, कधी कधी अंगावरही येते, पण तिला घर आहे. त्या घरात आई आहे, आफ्रिकेतून दत्तक आलेला भाऊ आहे, आणि अंगणात मेलेल्या पाळीव प्राण्यांच्या कबरींची रांग आहे. तिला अपस्माराचे झटके येतात, म्हणून नोकरीच्या जागी शिरस्त्राण घालावे लागते. ही गोष्ट ती हसण्यावारी नेते आणि तरी लपवते. एका हॅम्स्टरला पुरताना ती जे दोन शब्द बोलते, तेवढे लार्जमनच्या आईच्या वाट्यालाही आलेले नाहीत! तिला केवळ स्वप्नकन्या म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. ‘एलिझाबेथटाउन’मधली क्लेअर (कर्स्टन डन्स्ट) मात्र त्या शब्दाला पुरेपूर पात्र आहे. ती विमानात सेविका आहे, यापलीकडे तिचे काही नाही: आई नाही, बाप नाही, अंगण नाही. आहे तो एक बेन नावाचा प्रियकर, जो कधी दिसतच नाही. रात्रभर टेलिफोनवर बोलून पहाटे दोघे सूर्योदय पाहायला भेटतात, तो प्रसंग गोड आहे. पण एवढ्या तासांत तिने स्वतःविषयी काय सांगितले हे आठवू गेले तर हाती फारसे लागत नाही. माणसांनी गजबजलेल्या गावात दिग्दर्शकाने बेघर नायिका आणून सोडली, आणि जिला भरले घर आहे ती दुसऱ्या चित्रपटात, जेथे नायकाचे घर ओसाड आहे. सॅम जर त्या केंटकीच्या जेवणाच्या टेबलावर बसली असती तर तिथल्या आत्यांशी तिचे दोन मिनिटांत जमले असते, असे मला पुनःपुन्हा वाटत राहिले.

संगीताविषयी थोडे. दोन्ही चित्रपट गाण्यांनी ओथंबलेले आहेत. ‘गार्डन स्टेट’च्या गीतसंग्रहाला २००५ साली ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. आपल्या संगीत नाटकात पद पात्राच्या मुखातून निघते; येथे ते पात्राच्या डोक्यावरून वाहते. डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात सॅम आपल्या कानावरचे श्रवणयंत्र काढून लार्जमनच्या कानांवर चढवते आणि तो गाणे ऐकत असता ती त्याचा चेहरा न्याहाळते, तेवढ्या एका ठिकाणी गाणे ही कथेतली घटना होते. क्रो यांनी गाणी ठिगळासारखी लावली आहेत. अखेरच्या प्रवासात क्लेअरने त्याच्यासाठी भरून दिलेल्या तबकड्या वाजतात तेव्हाच त्यांना काही अर्थ येतो.

आणि तो प्रवासही क्लेअरच्याच नकाशाने होतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. कोठे थांबायचे, कोठे रक्षा सोडायची, कोणते गाणे केव्हा लावायचे, सारे तिच्या हातचे लिहिलेले. शेवटी एका भल्या मोठ्या शेतकी बाजारात त्याला चिठ्ठी सापडते. त्यात दोन वाटा दिलेल्या आहेत: एक घरी जाण्याची, जेथे आई आणि बहीण आहेत, दुसरी, लाल टोपी घातलेल्या मुलीला गर्दीत शोधण्याची. ड्र्यू दुसरी धरतो. ‘गार्डन स्टेट’मध्येही नायक सॅमला विमानतळावर रडत सोडून लॉस एंजेलिसला परतण्यासाठी विमानात जाऊन बसतो, आणि मग उतरून तिच्याकडे धावत येतो. ब्राफ यांच्या नायकाला या धावण्यात काही गमवावे लागत नाही; बापाला जे सांगायचे ते तो सांगून आला आहे, आणि ज्या शहराकडे पाठ फिरवतो तेथे त्याचे कोणी नाही. क्रो यांच्या नायकाची गोष्ट निराळी. ज्या कथेने दोन तास घर, कूळ आणि रक्षा यांचा हिशेब मांडला, तिने अखेरच्या पानावर घर आणि मुलगी यांना एकमेकींसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे करावे, याला कारण नव्हते. कलश तोवर रिकामा झाला होता. लाल टोपीतल्या त्या मुलीला गाडीत बसवून नायक आईच्या दारी गेला असता, तर चित्रपट फार तर दहा मिनिटांनी लांबला असता.